वाकड्या पोटाचा डग्गा

लालबागची ती इंडस्ट्रियल इस्टेट रविवारी बंद असते. लिफ्ट बंद, गाळ्यांची शटरं खाली, आणि जिन्यात आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. शहाण्या माणसाने रविवारी तिथे जाऊ नये. संघर्ष गेले कित्येक रविवार तिथल्या आपल्या गाळ्यावर जात होता, आणि दर वेळी त्याच्याबरोबर त्याचे वडील असायचे, हे त्याहून वाईट.

वडील म्हणजे रामजी, घरात सगळ्यांचे अप्पा. ते गाळ्यात शिरले की स्टुलावर बसायचे, डावा हात पॅंटच्या खिशात सारायचे, आणि मशीन सुरू व्हायच्या आधी स्वतः सुरू व्हायचे.

"फास्ट फिरव."

"अप्पा, हे गोल नाहीये."

"गोल असू दे, नायतर चौकोनी असू दे. पत्रा हळू फिरवला की रुसतो. सांगतो ते ऐकत जा जरा."

संघर्ष दात आवळून घ्यायचा. अप्पांची सगळी हयात याच धंद्यात गेली होती. लेथवर साचा लावायचा, त्याच्या बुडाशी पत्र्याची गोल चकती दाबून धरायची, दोन्ही गरागरा फिरवायची, आणि लांब दांड्याचं हत्यार काखेत धरून अंगाच्या भाराने पत्रा साच्यावर लोटत न्यायचा. सपाट चकतीचं बघता बघता पातेलं होतं, हंडा होतो. अप्पांनी असे किती हंडे काढले असतील त्याची गणती नाही. पण ते सगळे गोल. गोल भांड्यात हत्यार एका जागी धरलं तरी चालतं, भांडं त्याच्यासमोर सगळीकडून सारखंच येतं. एका बाजूला पोट असलेलं भांडं फिरवायचं म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पोट समोर आलं की पत्रा दाबणाऱ्या रोलरने मागे सरायचं, पोट गेलं की पुढे यायचं, आणि तेही पत्र्याच्या तालात. संघर्षने त्याच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनला हे शिकवायला महिनेच्या महिने घातले होते. आणि समोर स्टुलावर बसून हा माणूस म्हणत होता, फास्ट फिरव.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तोही हाच माणूस, म्हणून तर जास्त चीड यायची.

अप्पा लेथवर नसायचे तेव्हा नवजागृती गायन पार्टीत असायचे. काळाचौकी, परळ, नायगाव, शीव, जिथे भीमजयंतीचा मांडव तिथे नवजागृती, आणि नवजागृती म्हणजे रामजीचा डग्गा. उजवा हात तबल्यावर चालायचा, पण लोक कान देऊन ऐकायचे तो डावा हात. मनगट कातड्यावर रेटत नेऊन ते अशी घुमक काढायचे की पुढे बसलेल्या बायका गाणाऱ्याला सोडून त्यांच्याकडे बघायच्या. निदान कमळाबाई तरी बघायच्या, आणि पुढे त्या संघर्षच्या आई झाल्या. आता त्या नाहीत. चाळही नाही. चाळीच्या जागी टॉवर झाला, सातव्या मजल्यावर घर मिळालं, आणि त्या नव्या घराच्या गुळगुळीत मोरीत अप्पा घसरले. डावं मनगट मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. चहाचा कप धरता येईल, असं डॉक्टर म्हणाले, मनगट मागे वाकणार नाही. अप्पांनी घरी येऊन डग्गा कपाटावर ठेवला आणि डावा हात खिशात घातला, तो आजतागायत तिथेच होता.

एका दुपारी संघर्षची बायको रश्मी बँकेतून लवकर घरी आली, तर अप्पा पलंगावर बसून गादीवर तो डावा हात आपटत होते. तिला बघून त्यांनी हात पटकन आत घेतला. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं आणि वर म्हणाली, "तू एवढ्या दुनियेच्या पत्र्याच्या चिमण्या बनवतोस, घरातल्या माणसासाठी काय तरी बनव."

संघर्षने कपाटावरचा डग्गा काढला, खाली टॉवेलची घडी सारून तो अप्पांच्या बाजूला भलताच कलता केला आणि म्हणाला, "हात ठेवा." अप्पा कुरकुरले, पण ठेवला. मनगट न वाकवताच हात कातड्यावर सपाट बसला. त्यांनी एक थाप मारली, मनगट रेटलं, आणि घरात ती जुनी घुमक भरली. मग डग्गा कडेवरून गडगडला तो थेट टीव्हीच्या टेबलाखाली गेला. पण तेवढ्या वेळात अप्पांचा चेहरा संघर्षने पाहिला होता. मनगट वाकत नाही तर डग्गा वाकवू, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. तोंड गोलच ठेवायचं, म्हणजे कातडं नीट बसेल. पोट मात्र पलीकडच्या बाजूला फुगीर, अलीकडे उतरतं, म्हणजे डग्गा आपणहून कलून बसेल आणि गडगडणार नाही. येत्या जयंतीला अप्पा पुन्हा पार्टीत बसतील. सोपं वाटलं होतं त्याला. बोलायला काय जातं!

पहिल्या चकतीला उतरत्या बाजूला चुण्या पडल्या. दुसरी पोटाशी फाटली. तांबं तापवून मऊ करून घेतलं, तर तिसरीला चुण्याही पडल्या आणि फाटलीही. एका रविवारी अप्पांनी इतकं डोकं खाल्लं की संघर्षने रागाने मशीनचा वेग वाढवला. "घ्या, फास्ट!" रोलरला पुढेमागे करायला वेळच मिळेना, तो पोटावर धडाधड आदळायला लागला, सगळा गाळा हादरला आणि पत्र्याचा एक लांब तुकडा उडून पंख्याला अडकला. संघर्षने लाल बटण दाबलं. दोघंही वर बघत राहिले.

"दाब कमी पडला तुझा," अप्पा म्हणाले.

त्या दिवशी संघर्ष शटर ओढून घरी आला. घरी रश्मीवर ओरडला, तिने उलट दुप्पट ऐकवलं, आणि दोघांचाही रविवार वाया गेला. तांब्याच्या फाटक्या वाट्यांचा ढीग गाळ्याच्या कोपऱ्यात वाढत होता आणि जयंती जवळ येत होती.

घोळ कुठे होत होता हे त्याला एका साध्या गोष्टीतून कळलं. त्याने मार्कर घेऊन साच्यावर एक रेघ मारली आणि तिच्याच पुढे पत्र्यावर एक रेघ मारली. मशीन चालवून थांबवलं. दोन रेघा एकमेकींपासून चांगल्या बोटभर लांब गेल्या होत्या. पत्रा साच्यावर सरकत होता. बुडाशी दाबून धरलेला असला तरी रोलरचा जोर लागला की जरासा फिरत होता. आणि एकदा फिरला की पत्र्यावर आलेलं पोट एकीकडे, साच्याचं पोट दुसरीकडे. मग फाटेल नाही तर काय होईल!

"मग सरकेना का," अप्पा म्हणाले. "आमचा पण सरकायचा. कोण बघतं?"

"गोल भांडं सरकलं तर कळत नाही, अप्पा! हे वाकडं आहे!"

"ओरडू नको. बाप आहे मी तुझा."

उपाय सरळ होता. चकतीच्या बुडात, मधोमध नाही, जरा बाजूला, एक भोक पाडायचं आणि साच्याला एक खुंटी बसवायची. खुंटी भोकात अडकली की पत्रा जागचा हलणार नाही. नंतर ते भोक तांब्यानेच बुजवायचं, वितळलेल्या धातूचा डाक देऊन सांधायचं, घासून घ्यायचं. संघर्ष उत्साहाने सांगत होता. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की अप्पा स्टुलावरून उठले आहेत.

"बुडाला भोक?"

"बुजवणार ना पण."

"म्हणजे ठिगळ." अप्पांचा आवाज एकदम खाली आला. "ठिगळ लावलेला डग्गा मी वाजवणार नाय. मेलो तरी नाय."

"अहो, तांब्याला तांबं लावणार. दिसणार पण नाही."

"मला माहीत असणार ना!"

आणि ते निघून गेले. लिफ्ट बंद, तरी रागारागाने जिना उतरून गेले. संघर्षने हातातली चकती भिंतीवर फेकून मारली. ती घरंगळत परत त्याच्याच पायाशी आली.

ठिगळाची गोष्ट त्याला माहीत होती, घरातल्या सगळ्यांनाच माहीत होती. नवजागृतीचा पहिला डग्गा दादरच्या कुठल्याशा शाळेने टाकून दिलेला होता. बूड फुटलेलं, त्याला कुणी पत्र्याचा तुकडा डांबराने चिकटवलेला. पार्टीतल्या म्हाताऱ्यांनी तो मागून आणला, आणि मिसरूड फुटायच्या वयातल्या रामजीने चिंच लावून लावून घासला. त्या वर्षी परळला गाण्याचा सामना लागला. समोरच्या पार्टीचा डग्गा वाजवणारा भिवा, रामजीच्याच वयाचा, तोंडाचा तिखट. त्याने त्यांच्या डग्ग्याचं बूड पाहिलं आणि आपल्या गाणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गाणाऱ्याने उभ्या उभ्या एक ओळ रचली, त्यात नवजागृतीला ठिगळवाले म्हटलं, आणि सगळं मैदान हसलं. रामजीच्या बापाने बाबासाहेबांच्या शब्दाखातर गावची हलगी खाली ठेवली होती. दुसऱ्याचं उष्टं, दुसऱ्याने फेकलेलं या घरात येणार नाही, असं म्हणून तो मुंबईला आला होता. आणि त्याचा मुलगा भर मैदानात फेकलेलं भांडं मांडीशी घेऊन बसला होता. नोकरी लागल्यावर रामजीने आधी नवा डग्गा घेतला आणि मग लग्न केलं. भिवाशी पुढे दोस्ती झाली, अगदी घट्ट झाली, पण तो विषय दोघांनीही कधी काढला नाही.

हे सगळं कळत होतं म्हणून काय झालं! कळल्याने पत्रा सरकायचा थांबत नव्हता. भोकाशिवाय जमेल का म्हणून संघर्षने काय काय केलं. साच्याला काचपेपर लावला, राळ फासली, दाब एवढा वाढवला की चकतीच्या बुडाला ती दाबून धरणाऱ्या ठोकळ्याचा ठसा उठला. पत्रा सरकत राहिला. अप्पा यायचे बंद झाले होते. घरी जेवताना ते फक्त विचारायचे, "झालं?" तो म्हणायचा, "नाही." ते म्हणायचे, "फास्ट फिरवून बघ," आणि भाकरी मोडायचे. रश्मी ताटाखालून नवऱ्याच्या पायावर पाय द्यायची, म्हणजे त्याने गप्प बसावं.

जयंतीच्या आधीचा तिसरा की दुसरा रविवार असेल. संघर्ष एकटाच गाळ्यात बसला होता. समोर शेवटची चांगली चकती होती. त्याला अप्पांचा राग आला होता, भिवाचा आला होता, त्या शाळेचा आला होता, स्वतःचा तर फारच. मग तो उठला, चकती ड्रिलखाली धरली आणि भोक पाडलं.

मशीन सावकाश फिरू लागलं. रोलर तालात मागे सरत होता, पुढे येत होता, आणि तांबं निमूटपणे साच्यावर बसत गेलं, इतक्या दिवसांचा हट्ट कधी केलाच नसल्यासारखं. चुणी नाही, चीर नाही. साचा तुकड्यातुकड्यांचा होता, तो आतून सुटा करून काढला आणि हातात एका बाजूला पोट सुटलेलं, गोल तोंडाचं, घाटदार भांडं राहिलं. संघर्षला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण ओरडून दाखवणार कुणाला? दाखवायचं त्यालाच तर दाखवायचं नव्हतं. त्याने भोकात तांब्याची खुंटी ठोकली, चांदीचा डाक दिला आणि हात दुखेपर्यंत घासलं. नंतर वरून निकेलचा मुलामा करून घेतला. बूड आरशासारखं झालं.

कातडं चढवायला तो गिरगावात तात्यांकडे गेला. तात्यांचा तबला-दुरुस्तीचा हात मोठा, आणि तोंडही. त्यांनी भांडं उलटं केलं, चष्मा कपाळावर सारला, बुडावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले.

"इथे काहीतरी केलंयस."

संघर्षने खरं ते सांगितलं आणि म्हणाला, "अप्पांना सांगू नका, तात्या. हात जोडतो."

"मी कशाला सांगू? मला कातड्याचं विचारतील, तर कातड्याचं सांगेन." तात्यांनी टिचकी मारली, कान लावला. "पण भांडं काय बेणं आहे रे! असलं वाकडं ध्यान मी कधी बघितलं नाही. घुमेल हं हे."

ते घुमलं. अप्पांनी घरी पहिल्यांदा त्यावर हात ठेवला तेव्हा खिडकीची काच हलली. आधी त्यांनी डग्गा हातात फिरवून फिरवून पाहिला, बूडही पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"भोक?" त्यांनी विचारलं.

"नाही पाडलं," संघर्ष म्हणाला.

"हं," अप्पा म्हणाले आणि वाजवायला बसले. त्या दिवसापासून डावा हात खिशात गेला नाही.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी काळाचौकीच्या नाक्यावर मांडव भरून गेला होता. नवजागृतीत आता बहुतेक तरुण मुलं होती. त्यांच्या मधोमध पांढऱ्या शर्टात अप्पा बसले होते आणि त्यांच्या मांडीशी तो एका अंगाला झुकलेला चकचकीत डग्गा. पुढच्या रांगेत भिवाकाका होते, आखडलेला डावा खांदा सांभाळत. गेलं वर्षभर त्यांचा हात वर उचलत नव्हता, त्यामुळे त्यांचाही डग्गा बंद पडला होता. संघर्ष आणि रश्मी मागे खांबाला टेकून उभे होते.

पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी अप्पांनी माईक मागून घेतला. ते कधी माईकवर बोलत नसत.

"जय भीम," ते म्हणाले. मांडवातून जोरात उत्तर आलं. "हा डग्गा माझ्या पोराने बनवलाय. संघर्षने. तो बघा, तिकडे मागे उभा आहे. असला डग्गा अख्ख्या मुंबईत कुणाकडे नाय. एकाच पत्र्याचा आहे. कुठे जोड नाय, कुठे ठिगळ नाय. कुणाला बघायचं असेल तर येऊन बघा."

सगळी डोकी वळली. टाळ्या पडल्या. संघर्षचे कान तापले. उभ्या आयुष्यात बापाने त्याचं चारचौघांत कौतुक केलं नव्हतं. डिप्लोमा झाला तेव्हा नाही, गाळा घेतला तेव्हा नाही. आणि आज केलं ते नेमकं या गोष्टीवरून! पण अप्पांचं अजून संपलं नव्हतं.

"पोरगा मला बोलत होता, हळू फिरवतो, भोक पाडतो. मी बोललो, फास्ट फिरव, भोक लागतच नाय. शेवटी बापाचं ऐकलं, तेव्हा झालं!"

मांडव हसला. टाळ्या आणखी जोरात पडल्या. संघर्षच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक खोट्याचं झालं ते झालंच, वर जे खरं होतं, इतक्या रविवारांची त्याची मेहनत, तेही अप्पांनी उचलून स्वतःच्या खिशात घातलं. तो पुढे निघाला. कुठे निघाला होता आणि तिथे जाऊन काय बोलणार होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. रश्मीने त्याचं मनगट धरलं.

"कुठे चाललास?"

"फास्ट म्हणे! ऐकलंस ना? फास्ट!"

"ऐकलं. गप उभा राहा."

तेवढ्यात डग्गा बोलला. पहिली थाप पडली आणि मग ते वाकडं मनगट, न वाकता, कातड्यावरून सरकत गेलं आणि जमिनीखालून आल्यासारखी घुमक निघाली. पुढे बसलेला भिवा आपसूक ताठ झाला. अप्पांनी डोळे मिटले होते. संघर्षला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांचा गळा धरावासाही वाटला. दोन्ही खरं होतं. तो खांबाला टेकला आणि गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

कार्यक्रमानंतर भिवाकाका डग्ग्याजवळ गेले. त्यांनी तो उलटा करून बुडावरून चांगल्या हाताचा तळवा फिरवला, सगळ्यांसमोर.

"एकसंध आहे, रामजी," भिवाकाका म्हणाले आणि खाली बघत डग्गा परत ठेवला. घरी जाताना अप्पा रस्त्याने शीळ घालत चालले होते.

संघर्षला झोप लागत नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं. खरं सांगावं तर ते डग्ग्याला हात लावणार नाहीत. न सांगावं तर रोज त्यांच्या तोंडून 'एकसंध' ऐकायचं. ते तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, लिफ्टमनला, दूधवाल्याला, रश्मीच्या बँकेतून फोन आला तर त्यावरही. आणि प्रत्येकाला शेवटी ते फास्ट.

रविवार आला. संघर्षने ठरवलं होतं, आज घरी पडून राहायचं. तर अप्पा आंघोळ करून, भांग पाडून दारात उभे.

"चल, गाळ्यावर जायचंय. भिवाला पण डग्गा पाहिजे. त्याचा खांदा वर उचलत नाय, आपला डग्गा खाली झुकलेला, त्याला बरोबर बसेल. तो खाली येऊन थांबलाय."

"अप्पा, आज नको. मी नंतर बनवून देईन."

"नंतर नाय. आत्ता. आमच्या समोर."

समोर! भोक न पाडता, फास्ट फिरवून, दोन म्हाताऱ्यांच्या समोर! जिना चढेपर्यंत त्याने दहा बहाणे शोधले. मशीन बिघडलंय म्हणावं, तांबं संपलंय म्हणावं. पण शटर उघडलं तर समोर तांब्याच्या नव्या चकत्या, त्यानेच आणून ठेवलेल्या. भिवाकाका धापा टाकत स्टुलावर बसले. कोपऱ्यातल्या फाटक्या वाट्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "एवढे मेले काय रे?"

आता सांगून टाकायचं, संघर्षने ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे. हे ओझं घेऊन तो आणखी एक रविवार काढू शकत नव्हता.

"अप्पा, मला तुमच्याशी..."

"भिवा," अप्पा मध्येच म्हणाले, "खाली जाऊन तीन चहा सांग रे. तो पोऱ्या वर येत नाय रविवारचा. आणि तिथेच थांब, घेऊनच ये."

"आत्ता तर जिना चढून आलो!"

"मग आता उतर. खांदा दुखतोय, पाय नाय."

भिवाकाका शिव्या घालत उतरले. अप्पांनी जिन्याकडे कान दिला. पावलं खालच्या मजल्यावर पोचली तसे ते उठले, एक चकती उचलली आणि सरळ ड्रिलच्या टेबलावर नेऊन ठेवली. खाली लाकडाची फळी सारली.

"मार," ते म्हणाले.

"काय मारू?"

"भोक. तो वर यायच्या आत."

संघर्ष बघतच राहिला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. जन्मभर पत्र्यावर हात फिरवलाय, डाक लागलेली जागा मला कळत नाय व्हय?"

"मग माईकवर ते सगळं? जोड नाय, ठिगळ नाय?"

"मग काय बोलू? भिवा समोर बसला होता." अप्पांनी नाक ओढलं. मग चकतीकडे बघत म्हणाले, "तेव्हाचं भांडं कुणीतरी फेकलेलं होतं. हे कुणी फेकलेलं नाय. हे तू बनवलंस."

संघर्षने ड्रिलला बिट लावलं.

"आणि भिवाला सांगायचं नाय," अप्पा म्हणाले. आता ते हसत होते, तोंडावर हात न घेता, सगळे उरलेले दात दिसतील असे. "वाजवू दे साल्याला. मरेपर्यंत ठिगळवाला डग्गा वाजवू दे."

त्यांनी डावा हात चकतीवर ठेवला आणि तिला फळीवर घट्ट दाबून धरलं. खालून जिन्यात पावलं वाजायला लागली होती. संघर्षने ड्रिल सुरू केलं.

"हळू," अप्पा म्हणाले. "हळू फिरव."